सत्तेचाळीस नंबरचं स्टिकर

मी इंजिनियर नाही, हे आधीच सांगून टाकते. माझ्याकडे नाशिकच्या पॉलिटेक्निकचा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा आहे. दुबईतल्या सव्वीस वर्षांत ज्यांनी ज्यांनी मला ही गोष्ट ऐकवली, त्या सगळ्यांची बंद पडलेली नेटवर्कं मी चालू करून दिली आहेत. दारात उभं करून लोक विचारायचे, "मॅडम, टेक्निशियन कधी येणार?" मी खांद्यावरची शिडी खाली ठेवायची आणि म्हणायची, "आलाय की."

या वर्षअखेरीस मी काम थांबवतेय. त्यानिमित्त दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून मागे लागलेल्यांना बहुधा वाळवंटातल्या खडतर वाटचालीची अपेक्षा असावी. तसलं माझ्याकडे काही नाही. वाळवंट मी गाडीच्या काचेतूनच पाहिलं आणि एसी चालू असताना. कोणत्या साली कोणत्या कंपनीत होते, हेही कुणाला वाचावंसं वाटणार नाही. मला एका सहीबद्दल लिहायचंय. ती मी केली नाही आणि त्यापायी आमच्या कंपनीचं एक मोठं गिऱ्हाईक गेलं. ते माझ्यामुळे गेलं असं ऑफिसात अजून म्हणतात. खरंच आहे ते.

पण त्याआधी माझा धंदा समजून घ्यावा लागेल. घाबरू नका, फार अवघड नाही. जे हा धंदा अवघड करून सांगतात त्यांना तो नीट कळलेला नसतो.

दुबईत पोस्टमन घरोघरी येत नाही. पत्र येतं ते पोस्ट ऑफिसातल्या पेटीत, आणि प्रत्येक कंपनीचा पेटीचा एक नंबर असतो. बाहेरचं जग कंपनीला त्या पेटीच्या नंबराने ओळखतं. पेटीतली पत्रं ऑफिसात आली की रिसेप्शनवरची बाई ती वाटते; हे तीन नंबरच्या केबिनला, हे सात नंबरच्या. आता केबिन नंबर तीन प्रत्येक ऑफिसात असते. बाहेरच्या माणसाला नुसतं "केबिन तीन" सांगून काही उपयोग नाही, आणि पेटीचा नंबर सांगितला तर आतल्या चाळीस माणसांपैकी पत्र कुणाचं हे कळत नाही. आयपी अॅड्रेस म्हणजे एवढंच. एक पत्ता बाहेरचा, इंटरनेटवरचा, सगळ्या ऑफिसला मिळून एक. दुसरे पत्ते आतले, प्रत्येक यंत्राला एक. मधे रिसेप्शनवरच्या बाईसारखं बसलेलं असतं ते राउटर नावाचं खोकं.

हा फरक न कळल्यामुळे काय होतं, त्याचा माझा आवडता नमुना बर दुबई या भागातल्या मीना बाजारचा. तिथल्या एका साडीवाल्या शेटजींनी आमच्याकडून दुकानात नेटवर्क करून घेतलं. नंतर मी काही कामासाठी गेले, तर त्यांनी कौतुकाने नवं व्हिजिटिंग कार्ड हातात ठेवलं. सोनेरी अक्षरं, आणि फोन नंबरच्या खाली छापलेलं: १९२.१६८.१.१०. तो त्यांच्या गल्ल्यावरच्या कॉम्प्युटरचा आतला पत्ता होता. "मॅडम, वेबसाइट के पैसे बच गये. कस्टमर सीधा इधर आयेगा," ते म्हणाले. मी त्यांना म्हटलं, "शेटजी, ये नंबर आपके दुकान में भी है, सामनेवाले के दुकान में भी है और मेरे घर में भी है." शेटजींनी समोरच्या दुकानाकडे अशा नजरेने पाहिलं, जणू त्याने यांचा नंबर चोरलाय. दोन हजार कार्डं छापून झाली होती. ती त्यांनी टाकून दिली नाहीत, वाटली. पुढे कित्येक महिने मीना बाजारात ती मला भेटत राहिली.

असल्या चुकांनी कुणाचं नुकसान होत नाही. माझ्या चुकीने झालं असतं.

दुबईपासून तासाभरावर, रास अल खैमाच्या इंडस्ट्रियल भागात मोहनदादा सामंतांची फॅक्टरी आहे. नाव अर्थातच मी बदललंय. चकली, चिवडा, भाजणी, मसाले; अमिरातीतल्या मराठी घरांत त्यांचं एखादं तरी पाकीट सापडेलच. मोहनदादा मूळचे गिरगावातले. माणूस मोठा दिलदार. कामगाराच्या घरी आजारपण आलं की स्वतः गाडी काढणार, गणपतीत दीडशे माणसांना पंगतीत बसवून स्वतः वाढणार. मलाही ते कधी "मॅडम" म्हणाले नाहीत, पहिल्या दिवसापासून "वैशालीताई". मी तिथे नऊ वर्षं जात होते.

पहिल्यांदा गेले तेव्हा तिथे बावीस यंत्रं होती. प्रत्येकाला मी कायमचा पत्ता दिला आणि पत्त्याचा शेवटचा आकडा जाड मार्करने स्टिकरवर लिहून मॉनिटरच्या कोपऱ्यात चिकटवला. मोहनदादांच्या केबिनला पाच, क्वालिटी लॅबला बारा, डिस्पॅचला सत्तेचाळीस. यामागे हेतू साधा होता. कुणाचं यंत्र अडलं आणि त्याने मला फोन केला, की त्याने फक्त स्टिकर वाचून दाखवायचं, बाकी मी दुबईत बसून बघेन. लोकांना ते इतकं आवडलं की ते फोनवर नाव सांगेनासे झाले. "ताई, सत्तेचाळीस बोलतोय," असा फोन आला की मी ओळखायची, अन्वर.

अन्वर डिस्पॅचचा क्लार्क. दापोलीकडचा, तिथे चौदा वर्षं नोकरीला. माल मोजायचा, गाडी भरायची, कागद करायचे. दर वर्षी मीना बाजारातून फॅक्टरीचा गणपती व्हॅनमध्ये मांडीवर घेऊन रास अल खैमापर्यंत आणायचा मानही त्याचाच, कारण ड्रायव्हरच्या ब्रेकवर मोहनदादांचा भरवसा नव्हता आणि अन्वरच्या हातांवर होता. बायको आणि बारावीतली मुलगी त्याच्या व्हिसावर तिथेच राहत होत्या.

पुढे फॅक्टरी वाढली. कॅमेरे आले, बारकोडची यंत्रं आली, आणि प्रत्येकाच्या खिशातला फोन वायफायवर आला. कायमचे पत्ते हाताने वाटणं अशक्य झालं. एकदा एका कॅमेऱ्याला आणि प्रिंटरला एकच पत्ता गेला आणि दोघंही मुके होऊन बसले. मग मी ती पद्धत बंद केली आणि फॅक्टरीतल्या मुख्य कॉम्प्युटरला, म्हणजे सर्व्हरलाच सांगितलं, पत्ते तू वाट. आता यंत्र चालू झालं की सर्व्हर त्याला मोकळा असेल तो पत्ता काही तासांसाठी देतो. मॉलच्या पार्किंगसारखं आहे हे. सकाळी तुमची गाडी जिथे होती तिथे संध्याकाळी दुसऱ्याची उभी असते, आणि त्यात कुणाचीच काही चूक नसते.

ही सगळी व्यवस्था मी एका दिवसात बदलली. फक्त स्टिकरं काढली नाहीत. लोकांना त्यांची सवय झाली होती, "सत्तेचाळीस बोलतोय" म्हटलं की मला माणूस कळत होता, आणि खरं सांगायचं तर गोंद खरवडायचा मला कंटाळा आला. त्या दिवसापासून फॅक्टरीतलं प्रत्येक स्टिकर खोटं होतं आणि हे फक्त मला माहीत होतं.

अशी तीन वर्षं गेली. मग एका सोमवारी सकाळी मोहनदादांचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता. "वैशालीताई, आजच्या आज या. एक रिपोर्ट द्यायचाय तुमच्या सहीने."

मी पोचले तेव्हा त्यांच्या केबिनमध्ये तिघं होते. मोहनदादा, त्यांची मुलगी सानिका आणि समोरच्या खुर्चीत अन्वर. सानिका परदेशातून फूड टेक्नॉलॉजी शिकून आली होती आणि वर्षभर क्वालिटी लॅब बघत होती. अन्वरच्या पुढ्यात एक टाइप केलेला कागद होता, त्याचा राजीनामा. त्यावर त्याची सही अजून झालेली नव्हती.

झालं होतं ते असं. त्यांचा माल घेणाऱ्या एका मोठ्या सुपरमार्केटच्या वेबसाइटवर तक्रारीचं पान आहे. आधीच्या मंगळवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी कुणीतरी तिथे निनावी तक्रार लिहिली होती, की सामंतांच्या फॅक्टरीत दुकानांतून परत आलेल्या मालावर नवी तारीख मारून तो पुन्हा पाठवतात. सुपरमार्केटवाल्यांनी गुरुवारी मोहनदादांना जाब विचारला आणि वर सांगितलं की तक्रार तुमच्याच ऑफिसच्या पत्त्यावरून आली आहे. म्हणजे पेटीच्या नंबरावरून. मोहनदादांनी लगेच आमच्या ऑफिसला फोन लावला आणि आमच्याच कुणा हुशार माणसाने नोंदी बघून उत्तर देऊन टाकलं, की त्या वेळी ती वेबसाइट आतल्या सत्तेचाळीस नंबरच्या पत्त्यावरून उघडली होती. त्याने एवढंच सांगितलं. पुढचं सांगायचं त्याला सुचलं नाही आणि विचारायचं मोहनदादांना.

मोहनदादा उठले आणि स्टिकरं बघत फिरले. डिस्पॅचला येऊन थांबले आणि विचारलं, "सत्तेचाळीस कोण?"

"मीच की दादा," अन्वर म्हणाला होता. नऊ वर्षं तो रोज तेच सांगत आला होता.

"शुक्रवारपासून विचारतोय याला," मोहनदादा मला म्हणाले. "कबूल करत नाही. मी म्हटलं, राजीनामा दे, चौदा वर्षं काम केलंस, मी पुढे काही करणार नाही. नाहीतर पोलिसात जातो. कॉम्प्युटरवरून बदनामी केली की इथे तुरुंग, तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही फक्त लिहून द्या की सत्तेचाळीस नंबर याचा आहे. यल्ला, चला, दोन ओळींचं काम आहे."

अन्वरने माझ्याकडे पाहिलं. "ताई, मी नाय केलं. पन नंबर माझाच हाय ना? मी काय बोलू?"

त्याचं ते वाक्य ऐकून मला जमीन दुभंगावी असं झालं. तो माणूस खोटं बोलत नव्हता आणि स्वतःचा बचावही करत नव्हता, कारण माझ्या अक्षरातल्या स्टिकरवर त्याचा पूर्ण विश्वास होता. राजीनामा दिला की व्हिसा जाणार, बायकोमुलीचाही जाणार, आणि पोरीची बोर्डाची परीक्षा दोन महिन्यांवर आलेली. न दिला तर पोलीस. मुलीची परीक्षा तेवढी होऊ द्या, एवढंच तो तीन दिवस मागत होता.

मी म्हटलं, "दादा, हा नंबर अन्वरचा नाही. तुमच्या केबिनवर पाच लिहिलंय ना? चला, बघू या तुमचा तरी पाच आहे का."

त्यांच्या कॉम्प्युटरवर मी पत्ता उघडून दाखवला. शेवटचा आकडा होता त्र्याऐंशी. मग डिस्पॅचला गेलो. स्टिकर सत्तेचाळीस, पडद्यावर एकशे बारा. मी सगळ्यांसमोर सांगितलं की तीन वर्षांपासून ही सगळी स्टिकरं चुकीची आहेत, मला माहीत होतं आणि मी ती काढली नाहीत. हे बोलताना माझी मान खाली गेली होती. नऊ वर्षं त्या फॅक्टरीत मी "ताई सांगतात म्हणजे तसंच असणार" या थाटात वावरले होते.

मोहनदादा धंद्यात उगीच मोठे झाले नव्हते. "आज एकशे बारा असेल," ते म्हणाले. "मंगळवारी सत्तेचाळीस नव्हता कशावरून?"

प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर सर्व्हरमध्ये होतं. सर्व्हर कुणाला कधी कोणता पत्ता दिला याची वही ठेवतो, पण ती आठवड्याची. मंगळवारचं पान पुढचा मंगळवार सुरू झाला की पुसून त्याच जागी नवं लिहितो. त्या दिवशी सोमवार होता. मोहनदादांनी मला एक दिवस उशिरा बोलावलं असतं तर अन्वरच्या बाजूने बोलायला जगात काहीही उरलं नसतं.

मी सर्व्हरच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. मंगळवारचं पान उघडलं. डिस्पॅचच्या यंत्राला सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत एकशे बारा. मग सत्तेचाळीस शोधला. दुपारी दोन ते पाच तो एका फोनला गेला होता. आपण फोनला नाव देतो ते त्या वहीत उतरतं, हे फार लोकांना माहीत नसतं. तिथे लिहिलं होतं, सानिकाज फोन.

मी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. तेवढ्यात आमच्या दुबई ऑफिसातून मॅनेजर विनोदचा फोन आला. मोहनदादांनी त्यालाही कामाला लावलं होतं. "वैशालीजी, साइन करके खलास करो ना. नंबर लॉग में है, आप सिर्फ नंबर लिख दो. आदमी का नाम वो खुद लिख लेंगे." विनोद वाईट माणूस नाही. त्याला आमचं काँट्रॅक्ट दिसत होतं. मी म्हटलं, "विनोद, नंबर मैं लिखूँ, और उसके नीचे वो आदमी का नाम लिखें, तो साइन किसकी हुई?" तो म्हणाला, "आप इमोशनल हो रही हैं." सव्वीस वर्षांत जेव्हा जेव्हा मला नाही म्हणावंसं वाटलं, तेव्हा तेव्हा कुणीतरी मला हेच सांगितलं आहे. मी फोन ठेवला.

अन्वरच्या यंत्राची ओळ तेवढी मी छापून घेतली. पान कॉपी करून सर्व्हरवरच जपून ठेवलं, कारण ते सामंतांचं होतं, ते पुसायचा मला हक्क नव्हता. पण सानिकाचं नाव सांगायचं की नाही, हे दारापर्यंत येताना ठरवलं. सांगायचं नाही. तिची कीव आली म्हणून नव्हे. खरं तर मला तिचा रागच आला होता. तीन दिवस समोर बसून ती अन्वरची फजिती बघत होती. पण मी आत्ताच सगळ्यांना सांगितलं होतं की नंबर म्हणजे माणूस नव्हे. फोन टेबलावर पडलेला असतो, कुणीही उचलतो. लगेच त्याच वहीतून दुसरं नाव काढून दिलं असतं, तर अन्वरला सोडवून मी त्याच फासात दुसरी मान अडकवली असती, आणि हात पुन्हा माझाच असता.

केबिनमध्ये मी कागद मोहनदादांपुढे ठेवला. "मंगळवारी दिवसभर अन्वरचं यंत्र एकशे बारावर होतं. तक्रार तिथून गेलेली नाही. रिपोर्ट हवा असेल तर एवढा मी लिहून देते, शिक्क्यासकट."

त्यांनी कागद दोनदा वाचला. "मग सत्तेचाळीस कुणाकडे होता?"

"एका फोनकडे."

"कुणाच्या?"

"ते मी लिहून देणार नाही, आणि तोंडीही सांगणार नाही."

"ताई, फॅक्टरी माझी आहे. सर्व्हर माझा आहे."

"बरोबर. वही तुमच्या सर्व्हरवर आहे, मी पुसलेली नाही. दुसऱ्या कुणाला तरी बोलावून उघडून घ्या. माझ्याकडून फक्त यंत्राचं कळेल, माणसाचं नाही. तुम्ही मला माणूस विचारताय."

"तुमच्या कंपनीला पैसे कशाचे देतो मग मी?"

"नेटवर्क चालू ठेवायचे," मी म्हटलं. "ते चालू आहे."

मोहनदादांचा चेहरा लाल झाला. इतक्या वर्षांत त्यांना तसं उत्तर कुणी दिलं नसावं; निदान मी तरी दिलं नव्हतं. सानिका खिडकीकडे बघत होती. मोहनदादांनी टेबलावर हात आपटला. "ठीक आहे. मीच शोधतो. एकेकाला इथे या खुर्चीत बसवतो. पॅकिंगच्या बायकांपासून सुरुवात. कुणीतरी खोटारडं माझ्या अन्नाला जागलं नाही, ते आज कळलंच पाहिजे मला."

इतका वेळ अन्वर माझ्या कागदाकडे बघत बसला होता. आता त्याला काही भीती उरली नव्हती. गप्प बसून राहिला असता तर तासाभरात आपल्या टेबलावर गेला असता, मुलीची परीक्षाही झाली असती. तो उभा राहिला.

"दादा, दुसऱ्या कुनाला या खुर्चीत बसवू नका. मी तीन दिस बसलोय, मला ठावं हाय कसं वाटतं." मग तो म्हणाला, "ते मी लिवलेलं नाय. पन जे लिवलंय ते खोटं नाय. परत आलेले खोके मीच उतरवून घेतो आनि नव्या तारखेचे मीच गाडीत भरतो. सहा महिने भरतोय. लिवायचं तर मीच लिवायला हवं होतं. मुलीच्या शाळेसाठी गप बसलो. आता हे माझ्या नावावर घ्या, नंबराची काय जरुरी नाय."

मला वाटलं, संपलं. मी मोठ्या मिनतवारीने बाहेर काढलेला माणूस आपल्या पायांनी परत आत जाऊन बसला होता. मला त्याचा संताप आला आणि त्याच क्षणी त्याच्यापुढे हात जोडावेसेही वाटले. आता मोहनदादा काय करणार, याकडे मी बघत होते. ते अन्वरकडे बघत होते. आणि मग सानिका बोलली, नेहमीसारखी इंग्रजीत.

"बाबा, स्टॉप इट. इट वॉज मी."

"काय?"

"आय टोल्ड यू ट्वाइस. यू लाफ्ड. सो आय रोट टू देम." मग ती अन्वरकडे वळली आणि तिने मराठीत बोलायचा प्रयत्न केला. "अन्वरचाचा, मी सांगायला पाहिजे होतं. शुक्रवारीच. आय वॉज स्केअर्ड. सॉरी."

मोहनदादांनी माझ्याकडे मान वळवली. "तुम्हाला ठाऊक होतं."

"फोन ठाऊक होता," मी म्हटलं. "माणूस आत्ता कळला."

"मला अगोदर एकट्याला सांगता आलं असतं तुम्हाला. माझ्या घरातली गोष्ट होती."

"अन्वरची गोष्ट तुम्ही सगळ्या फॅक्टरीसमोर विचारलीत, दादा. तो कुणाच्या घरातला नव्हता का?"

मोहनदादा अगदी शांत आवाजात म्हणाले, "तुम्ही जा आता, वैशालीताई. तुमच्या विनोदला मी सांगतो. पुढच्या महिन्यापासून तुमची माणसं नकोत."

"बरं," मी म्हटलं.

पण मी उठले नाही. पर्स मांडीवर घेऊन तशीच बसून राहिले. राजीनाम्याचा कागद अजून टेबलावर होता, अन्वर अजून उभा होता आणि त्याचं काय, हे कुणी बोललं नव्हतं. ते कळल्याशिवाय मी त्या खुर्चीतून हलणार नव्हते. मला बाहेर काढायला सिक्युरिटीला बोलावलं असतं तरी मी तिथेच बसले असते. मोहनदादांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या डोळ्यांत बघत राहिले. सानिका उठून अन्वरच्या बाजूला जाऊन उभी राहिली, आणि मग मोहनदादांना आपली मुलगी आणि तो क्लार्क एका ओळीत दिसले. एकाला काढायचं तर दुसरीचं काय करायचं, हा हिशेब त्यांना करावाच लागला.

त्यांनी राजीनाम्याचा कागद पालथा घातला. चष्मा काढून डोळे चोळले.

"अन्वर," ते म्हणाले, "आजची गाडी भरली का?"

"भरली, दादा."

"जुना माल आहे त्यात?"

"हाय. अर्ध्याहून जास्त."

"उतरव."

अन्वरने मान हलवली आणि तो गाडी उतरवायला गेला. मग मी उठले.